टोपोशीट स्कॅन करून हातातल्या जीपीएसवर कशी चढवावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी सह्याद्रीत फिरताना टोपोशीट, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचे डोंगरांचे चढउतार दाखवणारे नकाशे, स्वतः तयार करून हातातल्या जीपीएसवर वापरतो. बरोबरच्या मंडळींनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः राजगड–तोरणा परिसरातली आहेत, कारण तो भाग बहुतेकांच्या पायाखालचा असतो. यंत्र गार्मिन कंपनीचं धरलं आहे, कारण स्कॅन केलेलं चित्र थेट घेण्याची सोय त्यांच्या बऱ्याच मॉडेलांत आहे.

मोबाइलवर फुकट नकाशे असताना हा खटाटोप कशासाठी?

मोबाइलवरच्या नकाशात रस्ते, हॉटेलं, पेट्रोल पंप उत्तम असतात. डोंगर मात्र हिरव्या किंवा करड्या रंगाचा एक पट्टा असतो. टोपोशीट डोंगराचीच असते. १:५०,००० च्या शीटवर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर आणि दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा, म्हणजे आपण ज्याला कंटूर म्हणतो ती. सोंड कुठे उतरते, नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद उभी घळ, कुठे फुटते, पठार कुठे संपतं हे त्या तपकिरी रेषांवरून डोळ्यांपुढे उभं राहतं.

शिवाय त्यात बारीक नोंदी असतात. ओढा काळ्या रेषेत असेल तर तो कोरडा पडणारा. निळा असेल तर पाणी बारमाही. मार्च-एप्रिलमध्ये मुक्काम ठरवताना या दोन रंगांतला फरक फार मोलाचा असतो. जमीन जिथे एकदम तुटते तिथे एक आकडा आणि त्याला चिकटून ‘आर’ हे इंग्रजी लहान अक्षर दिसतं. ती त्या तुटीची मीटरमधली खोली असते, समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. नवखे लोक हमखास इथे गोंधळतात. वाड्या, विहिरी, देवळं, लाल तुटक रेषेतल्या पायवाटा हे सगळं सर्वेक्षकांनी नोंदवलेलं आहे, आणि त्यातलं पुष्कळसं दुसऱ्या कुठल्याही नकाशावर मिळत नाही.

मोबाइलऐवजी वेगळं यंत्र का, याचं उत्तर जुलैमधल्या पावसात मिळतं. ओल्या पडद्याला बोट ओळखू येत नाही. बटणांचं यंत्र चालत राहतं आणि पेन्सिल सेल संपले तर खिशातले दुसरे घालता येतात.

मला नेमकी कुठली शीट लागेल हे कसं शोधायचं?

क्रमांकाची पद्धत एकदा समजली की आयुष्यभर पुरते. शीटचा क्रमांक ‘४७ एफ/११’ असा असतो. त्यातला ४७ हा आकडा ४ अंश बाय ४ अंशांच्या मोठ्या चौकोनाचा आहे: रेखांश ७२ ते ७६, अक्षांश १६ ते २०. त्याचे १६ भाग, ए ते पी, प्रत्येक भाग १ अंशाचा. मोजणी वरून खाली जाते आणि मग उजवीकडच्या स्तंभात पुन्हा वरून सुरू होते. म्हणून पहिल्या स्तंभात ए, बी, सी, डी आणि दुसऱ्यात ई, एफ, जी, एच. ४७ एफ म्हणजे रेखांश ७३ ते ७४, अक्षांश १८ ते १९. पुण्याच्या आसपासचा सह्याद्री बराचसा यातच येतो. त्याच्या डोक्यावर ४७ ई.

या प्रत्येक अंशाचे पुन्हा १६ तुकडे, १५ मिनिटांचे, १ ते १६, त्याच वरून-खाली पद्धतीने. कळसूबाई ४७ ई/१० मध्ये, हरिश्चंद्रगड ४७ ई/१५ मध्ये, राजमाची ४७ एफ/५ मध्ये, पुणे शहराचा बराचसा भाग ४७ एफ/१४ मध्ये. गडाचे अक्षांश-रेखांश हाताशी असले तर कागदावर चौकोन काढून दोन मिनिटांत क्रमांक सापडतो.

आता राजगड–तोरणा बघा. तोरणा ४७ एफ/११ मध्ये आहे आणि राजगडाचा बालेकिल्ला ४७ एफ/१२ मध्ये. दोन शीटांमधली सीमा १८ अंश १५ मिनिटांवर आहे आणि बालेकिल्ला त्या रेषेच्या दक्षिणेला अर्ध्या किलोमीटरच्या आत येतो. म्हणजे एकाच ट्रेकला दोन शीट लागतात, आणि त्यांचा सांधा नेमका राजगडाच्या अंगावरून जातो. एकच शीट घेऊन निघालेल्या माणसाचा नकाशा गडावर पोचताच संपतो. ट्रेक ठरवताना आधी दोन्ही टोकांचे अक्षांश बघा, ते याचसाठी.

नव्या खुल्या मालिकेच्या (ती काय, हे पुढच्या उत्तरात) शीटवर वेगळा क्रमांक असतो. आपल्या भागात तो ‘ई ४३’ ने सुरू होतो. जुना क्रमांकही माहीत असावा, कारण ट्रेकर मंडळी बोलताना तोच वापरतात.

शीट मिळवायची कुठून? आणि स्कॅन करणं कायद्यात बसतं का?

हा प्रश्न टाळू नका. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दोन मालिका वेगळ्या केल्या: संरक्षण मालिका आणि खुली मालिका. संरक्षण मालिका आपल्यासाठी नाही. खुल्या मालिकेत सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक गोष्टी वगळलेल्या असतात, आणि ट्रेकरला त्यांची गरजही नसते. २०१७ पासून भारतीय सर्वेक्षण विभागाने खुल्या मालिकेच्या १:५०,००० शीट पीडीएफ स्वरूपात मोफत द्यायला सुरुवात केली. विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून त्या उतरवता येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने भूस्थानिक माहितीचे नियम आणखी मोकळे केले.

जुन्या कागदी शीटांचं वेगळं आहे. पूर्वी किनारपट्टीलगतचा आणि सरहद्दीलगतचा सुमारे ८० किलोमीटरचा पट्टा निर्बंधित असे. कोकण आणि घाटमाथ्याचा बराचसा भाग त्यात येत असल्याने त्या शीटांच्या माथ्यावर ‘निर्बंधित’ असा इंग्रजी शिक्का असतो. एखाद्या जुन्या संग्रहात अशी शीट मिळाली तर ती स्कॅन करू नका, कुणाला पाठवू नका. त्याच भागाची खुली शीट घ्या. स्कॅनिंगचा भाग लागू होतो तो विभागाच्या विक्री केंद्रातून रीतसर विकत घेतलेल्या, निर्बंध नसलेल्या कागदी शीटांना. तुमची तयार फाइल स्वतःच्या वापरापुरती ठेवा. नकाशाचे हक्क विभागाचे आहेत.

आणखी एक उघडा स्रोत आहे. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने छापलेली भारताची १:२,५०,००० ची ‘यू ५०२’ मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून ठेवली आहे. वाटा शोधायला ती फार ढोबळ, पण लांब पल्ल्याच्या चालीत समोरचं शिखर कुठलं हे ओळखायला छान.

कागदी शीट स्कॅन कशी करावी?

मोठ्या आकाराचा स्कॅनर असलेल्या झेरॉक्सवाल्याकडे जा, जिथे इंजिनिअर आणि आर्किटेक्ट लोकांची ड्रॉइंग स्कॅन होतात. १:५०,००० च्या शीटवरचा फक्त नकाशाचा भाग आपल्या अक्षांशावर सुमारे ५३ बाय ५५ सेंटिमीटर असतो. समास धरून कागद त्याहून बराच मोठा. घरच्या ए-४ स्कॅनरवर तो आठ-नऊ तुकड्यांत येईल आणि जोडताना जीव जाईल.

दुकानदाराला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: रंगीत, ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) आणि टिफ फाइल. बहुतेक जण सवयीने काळं-पांढरं आणि पीडीएफ करून देतात. कडा आपोआप कापण्याची सोय चालू असेल तर बंद करायला सांगा, नाहीतर कोपऱ्यावरचे अक्षांश-रेखांशाचे आकडे जातात आणि तेच तर पुढे लागतात.

कागद आदल्या रात्री दोन जाड पुस्तकांखाली दाबून ठेवावा. घडीची रेघ सपाट नसेल तर रोलरमधून जाताना कागद तिथे ताणला जातो आणि ती चूक नंतर कुठल्याही गणिताने पुरती निघत नाही.

मोबाइलने वरून फोटो काढला तर नाही का चालणार?

नाही. भिंगामुळे कडा वाकतात आणि कागदाचा कोन थोडा जरी चुकला तरी एक बाजू आखूड होते. अडीअडचणीला चालेल, कड्यावर चालणार नाही.

पीडीएफ उतरवली असेल तर स्कॅनिंगची गरजच नाही ना?

नाही. पीडीएफचं ३०० डीपीआयला चित्र करून घ्या, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर किंवा कुठलंही चित्राचं सॉफ्टवेअर ते करतं. यात कागद ताणल्याची भानगड नसते, त्यामुळे पुढचं सगळं काम निम्मं होतं. सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी.

जिओरेफरन्सिंग म्हणजे नेमकं काय करायचं?

चित्राला जमिनीशी बांधायचं. संगणकाला फक्त रंगाचे ठिपके दिसतात. हा ठिपका म्हणजे ७३ अंश ३० मिनिटं पूर्व, १८ अंश १५ मिनिटं उत्तर, हे आपण सांगतो. असे पुरेसे बिंदू दिले की मधलं सगळं तो मोजतो.

क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे. त्यातला जिओरेफरन्सर जुन्या आवृत्त्यांत रास्टर मेनूत असे, आता लेयर मेनूत आहे. शीटवर दर ५ मिनिटांनी अक्षांश-रेखांशाच्या रेषा असतात, म्हणजे आडव्या चार, उभ्या चार, एकूण १६ छेद. सोळाही द्या. चार कोपऱ्यांवर भागतं असं बरेच जण सांगतात, पण कोपऱ्यात बसलेला नकाशा मध्ये फुगलेला असू शकतो, आणि ट्रेक कोपऱ्यात नसतो. आकडे अंश-मिनिट-सेकंदांत टाकता येतात, दशांश करत बसू नका. क्लिक करण्यापूर्वी इतकं झूम करा की रेषा सुट्या ठिपक्यांची बनलेली दिसेल, आणि तिच्या मधोमध टिचकी मारा.

डेटम म्हणजे काय? तो बदलला तर खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि या सगळ्या कामात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पृथ्वी गोल नाही, थोडी दबलेली आहे, आणि त्या आकाराचं गणिती रूप प्रत्येक काळात वेगळं धरलं गेलं. भारताची महात्रिकोणमितीय मोजणी सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केली. ती पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये आपल्या उपखंडाला नीट बसणारं लंबगोलाचं माप मांडलं. त्यावर आधारलेल्या मोजणीच्या चौकटीचा, म्हणजेच डेटमचा, मूळ बिंदू मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळच्या कालियनपूरला आहे. जुन्या टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश याच चौकटीतले आहेत. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक चौकटीत बोलतो. दोघांचे ‘१८ अंश १५ मिनिटं’ जमिनीवर एकाच जागी पडत नाहीत.

आपल्या सह्याद्रीत हा फरक १०० ते १५० मीटरांचा आहे. जुन्या शीटचे आकडे जसेच्या तसे डब्ल्यूजीएस ८४ समजून टाकले तर आख्खा नकाशा आग्नेयेला सरकतो आणि पडद्यावरचा तुमचा ठिपका खऱ्या जागेच्या वायव्येला दिसतो.

मी पहिल्यांदा केलेल्या शीटमध्ये नेमकं हेच झालं होतं. राजगडाहून तोरण्याकडे निघालो. ती धारही साधारण वायव्येकडेच जाते, त्यामुळे बराच वेळ ठिपका धारेवरच दिसत राहिला आणि मला शंकाही आली नाही. मग धार खिंडीकडे उतरायला लागली. पडद्यावर खिंड मागे पडली, कंटूर पुन्हा चढायला लागले, आणि मी मात्र अजून उतरतच होतो, पायाखाली घसरडा मुरूम. शंभर एक पावलांनंतर खरी खिंड आली तेव्हा ठिपका पलीकडच्या चढावर पोचला होता. दिवसाउजेडी, मळलेल्या वाटेवर याने काही बिघडलं नाही. धुक्यात एखाद्या नाळेचं तोंड शोधत असतो, तर शंभर मीटर म्हणजे शेजारची नाळ, आणि शेजारची नाळ कुठे उतरेल याची खात्री नसते.

उपाय सोपा आहे. जुन्या कागदी शीटसाठी जिओरेफरन्सरमध्ये ईपीएसजी ४१४६ (ईपीएसजी म्हणजे अशा चौकटींच्या यादीतला क्रमांक), म्हणजे ‘कालियनपूर १९७५’, निवडा. बिंदू देऊन चित्र तयार झालं की ते वेगळ्या पायरीत ईपीएसजी ४३२६, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ मध्ये रूपांतरित करा. क्यूजीआयएस कुठलं रूपांतर वापरू असं विचारेल. २९५, ७३६, २५७ या तीन आकड्यांचं निवडा. त्याची अचूकता वीसेक मीटरची आहे, म्हणजे १:५०,००० च्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरच्याही आत.

खुल्या मालिकेची शीट मुळातच डब्ल्यूजीएस ८४ वर आणि यूटीएम प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची एक पद्धत) आहे, आपला भाग ४३ व्या झोनमध्ये. तिला हे रूपांतर लावू नका. लावलंत तर तोच शंभर मीटरचा घोटाळा उलट्या दिशेने होईल. शीटच्या तळाशी डेटम छापलेला असतो, तो आधी वाचा.

जीपीएसच्या सेटिंगमध्येच डेटम बदलला तर?

त्याने फक्त पडद्यावर दिसणारे आकडे बदलतात, चित्र जागचं हलत नाही. यंत्रात डब्ल्यूजीएस ८४ च राहू द्या. जुन्या कागदावरून हाताने एखादा वेपॉइंट, म्हणजे यंत्रात जपून ठेवायची जागा, टाकायचा असेल तेवढ्यापुरता डेटम बदलता येतो, पण परत फिरवायला विसरलात तर पुढचे सगळे वेपॉइंट चुकतात. मी तो मार्ग वापरत नाही.

जिओरेफरन्सरमध्ये रूपांतराचे इतके प्रकार आहेत, त्यातला कुठला घ्यायचा?

पीडीएफसाठी पहिल्या घाताची बहुपदी (‘पॉलिनॉमियल १’) पुरते. कागदी स्कॅनसाठी दुसऱ्या घाताची घ्या. तिला किमान सहा बिंदू लागतात, आपल्याकडे सोळा आहेत. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ हा पर्याय मोहात पाडतो, कारण तो सगळ्या बिंदूंची चूक शून्य दाखवतो. पण तो प्रत्येक बिंदूला नकाशा ओढून बसवतो. तुम्ही एक आकडा चुकीचा टाकला असेल तर तीही चूक निमूट गिळतो आणि नकाशाला तिथे सुरकुती पाडतो. बहुपदीत तोच बिंदू वीस-तीस पिक्सेलच्या चुकीने लगेच उघडा पडतो. त्यामुळे आधी बहुपदीने सगळे बिंदू तपासा. कागद फारच सुरकुतलेला असेल तरच शेवटी स्प्लाइन वापरा.

सरासरी चूक दोन-तीन पिक्सेल आली की पुढे जा. ३०० डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर सव्वाचार मीटर, आणि दरीत किंवा कड्याच्या पोटात जीपीएस स्वतःच याहून जास्त चुकतो.

नकाशा बरोबर बसला आहे हे घरबसल्या कसं तपासायचं?

क्यूजीआयएसमध्ये खाली उपग्रहचित्राचा थर ठेवा, वर टोपोशीट अर्धपारदर्शक करा. मग न हलणाऱ्या गोष्टी शोधा: धरणाची भिंत, पूल, जुन्या रस्त्याचा तिठा, रेल्वेचा बोगदा, माचीची तटबंदी. शीटच्या चारही बाजूंना एकेक आणि मधे एक, असे पाच तरी जुळले पाहिजेत. तलावाची कड धरू नका, पाणी वर-खाली होतं. ओढ्याचं पात्रही नको.

पाचही ठिकाणी फरक एकाच दिशेने आणि सारखाच येत असेल तर डेटम चुकला आहे. प्रत्येक ठिकाणी वेगवेगळा येत असेल तर एखादा बिंदू चुकला आहे किंवा स्कॅन ताणला गेला आहे. हा भेद लक्षात ठेवलात तर तासन्‌तास वाचतील.

जुन्या शीटवर पुढे झालेल्या गोष्टी नसतात, त्यामुळे घाबरून जाऊ नका. राजगडाच्या पायथ्याशी आता गुंजवणी धरणाचं पाणी आहे. जुन्या शीटवर तिथे शेती आणि नदी दिसते.

कुठल्या यंत्रावर हे चालतं?

गार्मिनने ‘कस्टम मॅप’, म्हणजे आपलं चित्र नकाशा म्हणून घेण्याची सोय, २००९ मध्ये आणली. ओरेगॉन, डकोटा, जीपीएसमॅप ६२ आणि त्यापुढची मालिका, ईट्रेक्स २० व ३० आणि त्यांच्या नव्या आवृत्त्या, मोंटाना, या सगळ्यांत ती आहे. ईट्रेक्स १० मध्ये नाही. जुनं यंत्र विकत घेताना हे आधी विचारून घ्या.

नकाशाचे तुकडे किती आणि केवढे करायचे?

यंत्र एक मोठं चित्र घेत नाही. छोटे जेपीजी तुकडे लागतात, म्हणजे टाइल. एक टाइल जास्तीत जास्त १०२४ बाय १०२४ पिक्सेल. मोठी दिलीत तर यंत्र ती स्वतःच आक्रसून घेतं आणि अक्षरं पुसट होतात. एका टाइलची फाइल ३ एमबीच्या आत. बहुतेक जुन्या मॉडेलांत एकूण १०० टाइल चालतात, नव्या काही मॉडेलांत ५००.

आता हिशेब करा. एक शीट ३०० डीपीआयला साधारण ६,२०० बाय ६,५०० पिक्सेल होते. म्हणजे ७ बाय ७, ४९ टाइल. शंभराच्या मर्यादेत दोनच शीट मावतात. राजगड–तोरण्याच्या दोन शीट तेवढ्यात बरोबर बसतात, पण रायगडापर्यंत जायचं असेल तर अपुऱ्या पडतात. २०० डीपीआयला हीच शीट २५ टाइलमध्ये येते आणि चार शीट मावतात. गावांची नावं थोडी मऊ होतात, कंटूर वाचता येतात.

मी मात्र डीपीआय कमी करत नाही, जागा कमी करतो. ट्रेकच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन किलोमीटर ठेवून बाकीची शीट कापून टाकतो. ज्या दरीत जायचंच नाही तिच्यावर टाइल कशाला खर्च करायच्या? फक्त पाण्याच्या आणि गावात उतरण्याच्या पळवाटा त्या पट्ट्यात येतील याची खात्री करा. अडचणीत सापडलेला माणूस ठरलेल्या वाटेने उतरत नाही, जवळच्या गावाकडे उतरतो.

दोन शीटांचा सांधा दिसू नये म्हणून काय करावं?

तुकडे पाडण्याआधी जोडा. दोन्ही शीट रूपांतरित झाल्यावर समास कापून टाका. अक्षांश-रेखांशांत बसवलेली शीट सरळ चौकोन होते, त्यामुळे शीटवर छापलेल्या १५ मिनिटांच्या रेषांवर कापणं सोपं असतं. मग क्यूजीआयएसमध्ये ‘व्हर्च्युअल रास्टर’ (अनेक चित्रांना एकच मानणारी फाइल) बनवून दोन्ही एकत्र करा आणि त्या एकत्र चित्राचे तुकडे पाडा. समास राहिला तर पांढरी पट्टी शेजारच्या नकाशावर पसरते, कारण जेपीजीला पारदर्शकता नसते.

रूपांतर करताना ठिपके नव्याने बसवण्याची ‘नीअरेस्ट’ पद्धत वापरू नका, ‘क्यूबिक’ घ्या. नीअरेस्टने बारीक कंटूर जागोजाग तुटतात आणि तुटलेला कंटूर पायवाटेसारखा दिसतो.

केएमझेड फाइल बनवायची कशी?

क्यूजीआयएसमध्ये ‘गार्मिन कस्टम मॅप’ नावाचं प्लगइन आहे, ते तुकडे पाडून थेट केएमझेड, म्हणजे तुकडे आणि त्यांच्या जागा एकत्र बांधलेली फाइल, देतं. विंडोजवर मॅपसीटूमॅपसी हे सॉफ्टवेअरही हे काम नीट करतं. एकच छोटा भाग हवा असेल तर गूगल अर्थ प्रोमध्ये ‘इमेज ओव्हरले’ टाकून ती जागा केएमझेड म्हणून जपून ठेवता येते, पण तिथे चित्र हाताने ओढून बसवावं लागतं. ते फक्त गडाच्या आराखड्यासारख्या छोट्या चित्राला ठीक.

मग यंत्र केबलने जोडा, ‘गार्मिन’ फोल्डरच्या आत ‘कस्टममॅप्स’ फोल्डर आहे का बघा, नसेल तर बनवा, आणि फाइल त्यात टाका.

फाइल टाकली, पण नकाशा दिसतच नाही.

या क्रमाने बघा. नकाशाच्या सेटिंगमध्ये कस्टम मॅप चालू आहे का? जेपीजी ‘प्रोग्रेसिव्ह’ पद्धतीने साठवलेली नाहीत ना? यंत्र फक्त साधी ‘बेसलाइन’ जेपीजी वाचतं, आणि माझ्या ओळखीच्यांत निम्म्यांचा घोळ इथेच निघाला आहे. टाइलची मर्यादा ओलांडली नाही ना? नकाशा दिसतो पण दुसऱ्या नकाशाखाली दबलाय असं असेल तर केएमझेडच्या आतल्या केएमएल फाइलमध्ये (तुकड्यांच्या जागा तिच्यात लिहिलेल्या असतात) ‘ड्रॉ ऑर्डर’चा आकडा ५० किंवा जास्त करा. आणि पडद्यावर तुम्ही अजून घरीच आहात हे विसरू नका. नकाशा राजगडाचा आहे, पडदा तिथे सरकवून बघा.

पडद्यावर इतका छोटा भाग दिसतो, याचा उपयोग काय?

ईट्रेक्स ३० चा पडदा १७६ पिक्सेल रुंद. टाइल मूळ आकारात बघितली तर त्यावर पाऊण किलोमीटर मावतो. आख्ख्या ट्रेकचं चित्र त्यावर बघायचं नसतंच. ते काम कागदाचं. कागदी प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवा, कागदावर दिशा ठरवा, आणि ‘आत्ता मी या सोंडेवर आहे की पलीकडच्या’ एवढाच प्रश्न यंत्राला विचारा.

उन्हात फिक्या शीट वाचता येत नाहीत. टाइल पाडण्याआधी चित्राचा कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा आणि जंगलाचा हिरवा किंचित फिका करा, म्हणजे त्यावरचे तपकिरी कंटूर उठून दिसतील.

टोपोशीटवरच्या पायवाटेवर कितपत भरवसा ठेवावा?

कंटूरवर पूर्ण, पायवाटेवर अर्धा. डोंगर हलत नाही, वाट मोडते. वाडी उठून खाली रस्त्यालगत गेली की चार-पाच पावसाळ्यांत तिची वाट कारवीत गडप होते. एकदा पायथ्याच्या गावात मी नकाशातली नाळेची वाट एका बाबांना दाखवली. त्यांनी नकाशा बघितलाही नाही. “ती व्हती आमच्या बाच्या टायमाला. आता तितून गुरंबी जात न्हाईत. तुमी देवळामागनं जावा,” एवढंच म्हणाले. देवळामागची वाट नकाशात नव्हती, पण कंटूर बघितले तर तिथली सोंडच सगळ्यात सौम्य उतरत होती.

म्हणून शीटच्या कोपऱ्यावर छापलेलं सर्वेक्षणाचं वर्ष वाचा, फाइलच्या नावात लिहून ठेवा, आणि निघण्यापूर्वी गावात विचारा. परत आल्यावर तुमचा ट्रॅक शीटवर टाकून मोडलेल्या वाटांची नोंद करा.

कंटूर तर उपग्रहाच्या माहितीवरून आयते मिळतात. मग स्कॅन कशाला?

ते कामाचे आहेत, मी बरोबर ठेवतोच. पण त्यातले बरेचसे अमेरिकी अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये केलेल्या रडार मोजणीवरून काढलेले असतात आणि त्या मोजणीचा एक ठिपका ३० मीटरचा असतो. कोकणकड्यासारखा उभा कडा तीस मीटरच्या ठिपक्यांत गुळगुळीत उतार होऊन बसतो. टोपोशीटवर तिथे खडकाची खूण असते. तेवढ्या एका खुणेसाठी हा सगळा व्याप करावासा वाटतो.

हीच शीट मोबाइलवरही घेता येईल का?

हो. जिओरेफरन्स झालेलं चित्र क्यूजीआयएसमधून एमबीटाइल्स स्वरूपात काढा. ओरुक्समॅप्स आणि लोकस ही मोबाइल ॲप ते वाचतात, तिथे शंभर टाइलचं बंधनही नाही. ट्रेकमध्ये एका माणसाच्या यंत्रावर आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर तीच शीट असली की एकमेकांना पडताळता येतं.

किती वेळ लागतो हे सगळं करायला?

पहिल्या शीटला एक रविवार जातो. सोळा बिंदू, रूपांतर, तपासणी, तुकडे, मग यंत्रावर न दिसणं, मग पुन्हा. तिसऱ्या शीटपर्यंत दीड तासावर येतं. पावसाळा उतरायच्या आत दोन-तीन शीट करून ठेवा, आणि पहिली घरामागच्या टेकडीवर नेऊन बघा. माहितीच्या चढावर चालताना ठिपका प्रत्येक वळणाला तुमच्याबरोबर वळतो का, ते तिथेच कळतं.